फ्रेंच नदी आणि शालूमावशी

शालूमावशींच्या निखिलचा फोन आला तेव्हा मी नेपरव्हिलच्या देशी दुकानात भेंडी निवडत होतो. “आई गेली, यार...” मी तिथेच ढसाढसा रडायला लागलो. शेजारच्या बाईंनी आपल्या पिशवीतली भेंडी हळूच परत ठेवली. हे ऐकून मावशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या असत्या.

शालूमावशी माझ्या शेजारी राहायच्या. त्यांच्या स्वयंपाकघरात, ओट्यासमोर, एक पेन्सिलचित्र होतं. नदी, काठावर उंच झाडं आणि भरपूर मोकळं आकाश. काकांनी ते कुठल्याशा गराज सेलमधून उचललेलं. काका गेल्यावर मावशी सकाळचा चहा त्या नदीकडे बघत घ्यायच्या. “आम्ही दोघं काठावर बसतो,” म्हणायच्या. मग निखिलला इंटरनेटवर शोध लागला, की चित्र एका नामांकित फ्रेंच चित्रकाराचं असावं. पठ्ठ्या क्युपर्टिनोहून थडकलाच. “आई, इट्स अ ट्रेझर! आणि तू ते फोडणीच्या धुरात लटकवलंयस! सेल करू या.”

“आणि मी चहा कुठे घेऊ?”

“काउचवर!”

त्याने तज्ज्ञ बोलावला, तो नेमका दसऱ्याला; मीही त्यांच्याकडेच जेवायला होतो. सकाळीच मावशींनी मिक्सर, लॅपटॉप आणि निखिलच्या भाड्याच्या गाडीचीसुद्धा पूजा उरकली होती. तज्ज्ञाने भिंगातून बराच वेळ चित्र न्याहाळलं. नदी त्या चित्रकाराचीच, झाडंही त्याचीच, म्हणाला. निखिल खुलला. “पण हा लाल सूर्य कुणाचा?” तज्ज्ञाने विचारलं.

आकाशात मधोमध ओलं कुंकू! चक्क फ्रेम उघडून लावलेलं.

“आई!!”

“अरे, मौल्यवान आहे म्हणालास ना? मग पूजा नको?”

चेहरा असा निष्पाप, की मी सिंककडे तोंड फिरवून नळ सोडला. हे आता कोणी घेणार नाही, असं सांगून तज्ज्ञ गेला. निखिल जेवेपर्यंत फुरंगटून बसला होता. मावशींनी त्याला श्रीखंड वाढलं आणि आपला चहा घेऊन नदीकाठी जाऊन बसल्या.

आता चित्र निखिलच्या घरी आहे. परवा त्याचा फोन आला. “यार, जुनी चित्रं साफ करणारा एकजण भेटला. म्हणाला, तो लाल डाग निघेल, ड्रॉइंगला काहीही होणार नाही.”

मी घाईने विचारलं, “मग?”

“मी म्हटलं, हवं तर नदी पुसा. सूर्याला हात लावायचा नाही.”