कॅप्टनच्या बढतीचा प्रस्ताव

हर्सूलमधल्या आमच्या शेजारच्या काकांइतका अमेरिकेच्या लष्करावर संतापलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. जन्म गेला सरकारी कचेरीत, दुसऱ्यांच्या बढत्यांचे कागद पुढे सरकवण्यात. स्वतः कारकून म्हणून लागले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले. मग शहागंजात जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना दीडशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन कॅप्टनचं चरित्र गावलं, आणि डिक्शनरी घेऊन काकांनी ते सर्व्हिस बुक तपासावं तसं तपासलं. लढाईत घोडा मेला, हाताची दोन बोटं गेली, बर्फातल्या ठाण्यावर अकरा हिवाळे काढले, याचं त्यांना फारसं काही नव्हतं. "पण मास्तर, वीस वर्षं कॅप्टनच? फाईल दाबली हो कुणीतरी!" असं माझ्याकडं बघून ओरडत ते एका लग्नात भर पंगतीतून उठले होते. वाढपी बिचारा मठ्ठा घेऊन बघतच राहिला.

पुढं त्यांनी कॅप्टनच्या पलटणीची ज्येष्ठता यादी केली, त्याला डावललं तिथं तिथं लाल शाईनं रेघा मारल्या, आणि मयत कॅप्टनला मेजर करण्याचा रीतसर प्रस्ताव लिहून माझ्याकडं दिला. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, म्हणून इंग्रजी करून अमेरिकेला धाडायचं काम माझं. मी हसू दाबत होकार दिला आणि कागद कपाटात टाकले. दुसऱ्या दिवसापासून काका रोज सकाळी फाटकाशी हजर. "आलं का काही?" "नाय, काका." "येईल. वरिष्ठ कार्यालय हाय, लई वेळ लागतो." अशी दोन वर्षं! एकदा काकू म्हणाल्या, "स्वतःच्या बढतीसाठी कधी एक अर्ज केला नाय ह्यांनी. मागायची लाज वाटायची." त्या दिवशी मला हसू आलं नाही. तरीही ते कागद काही मी पाठवले नाहीत. आळस, दुसरं काय!

गेल्या हिवाळ्यात काका अंथरुणाला खिळले. भेटायला गेलो तर पुन्हा तोच प्रश्न, आवाज तेवढा खोल गेलेला. मला राहवलं नाही. "आलं की, काका! कॅप्टन मेजर झाले." "कोणत्या तारखेपासून?" मेलो! कारकुनाशी गाठ होती. "पहिल्यांदा डावललं, त्याच दिवसापासून," मी ठोकून दिलं. काकांनी माझा हात घट्ट धरला आणि हमसून हमसून रडले. "म्हंजे कुणीतरी वाचलं, मास्तर," म्हणाले. मग काकूंना हाक मारून पेढे मागवले. त्या घरात बढतीचे पेढे पहिल्यांदाच आले.

चौथ्या दिवशी काका गेले. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोललो, याचं मला काही वाटत नाही. खोटंच बोलायचं होतं, तर दोन वर्षं आधी का बोललो नाही?