सहा रॉड आणि पडद्याच्या कड्या

किस्से म्हणजे माझ्या टूलबॉक्समधल्या जुन्या वायरी. एक ओढायला जावं तर चार गुंतून बाहेर येतात, आणि पाचवीला हात लावला की करंट! परवा एका लग्नात कुणीतरी विचारलं, "मामा, तुम्ही म्हणे कॉम्प्युटर कंपनीत होता?" झालं. पंगत उठली, पानं उचलली, तरी मी बोलतोच आहे.

होतो म्हणजे काय, जनरेटर सांभाळत होतो. देशाचे दरवाजे नुकतेच उघडले होते आणि हैदराबादेत ज्याला-त्याला कॉम्प्युटरचं खूळ लागलं होतं. सिकंदराबादेत फर्निचरच्या दुकानावरचा एक मजला, सहा प्रोग्रामर, एक साहेब, आणि हा लिंबाजी इलेक्ट्रिशियन. शिक्षण सातवी नापास, मुक्काम गौलीगुडा. ऑफिसात तेलुगू, उर्दू, इंग्रजीची खिचडी चालायची. मी आपली मराठीत वाढतो.

*

एकदा मूर्तीसाहेब कुठलासा सेमिनार करून आले आणि मला म्हणाले, "लिंबाजी, टीमला एकमेकांचं काम डोळ्यांनी दिसलं पाहिजे!"

मी प्लायवुडवर सहा पडद्याचे रॉड उभे ठोकले, प्रत्येकाखाली एकेकाचं नाव. सुलतान बाजारातून प्लॅस्टिकच्या कड्या आणल्या, पडद्याला असतात तसल्या. काम चालू असलं की पिवळी, झालं की हिरवी, आणि अडकलं की लाल. लाल दिसली की बाकीच्यांनी उठून मदतीला धावायचं.

मी विचारलं, "म्हणजे साहेब, कोण मागे पडलाय ते सगळ्यांना कळणार?"

"मागे नाही रे! मदत कुणाला पाहिजे ते कळणार!"

साहेबांचं मन फार मोठं. मला वाटतं, त्यांना सख्खा भाऊ नसावा!

*

आठ दिवसांत ऑफिसातल्या सहाच्या सहा माना वाकड्या झाल्या. पाणी प्यायला उठायचं आणि फळ्याकडे बघत प्यायचं! शर्टावर सांडलं तरी नजर शेजाऱ्याच्या रॉडवर.

सगळ्यांत जळका आमचा मिशीवाला रमणा. हुशार पोरगा, पण दुसऱ्याची हिरवी कडी दिसली की त्याची जिलेबीसुद्धा कडू व्हायची. त्यानं शक्कल काढली. एका बिलाचा प्रोग्राम होता, तर बिलाच्या डोक्याची एक कडी, पोटाची एक, पायाची एक. एका कामाच्या तीन हिरव्या!

वसुधाताईंनी ते पाहिलं. त्या सुलतान बाजारच्या, घराणं तीन पिढ्या सरकारी नोकरीतलं, आवाज कधी चढायचा नाही. शांतपणे मला म्हणाल्या, "मामा, मला पण एक हिरवी द्या. बिलावर आज मी तारीख घातलीय."

"आणि उद्या?"

"उद्या महिना!"

*

जळण्यात मी तरी कुठे मागे होतो? लाइट गेली की सहाही जण माझ्या नावानं ओरडायचे, पण फळ्यावर माझा रॉड नाही! साहेबांना म्हटलं, "जनरेटर चालू केला की मला पण एक कडी." ते हसून म्हणाले, "तुझं काम प्रोजेक्टमध्ये येत नाही, लिंबाजी."

येत नाही काय? बरं!

महिना झाला तरी लाल कड्यांचं पाकीट कुणी फोडलंच नव्हतं. अडकलो हे कबूल कोण करणार? रमणा जेवायला गेला तेव्हा मी एक लाल कडी काढली आणि हळूच त्याच्या रॉडवर सोडली.

काय सांगू! पाच मिनिटांत अख्खं ऑफिस त्याच्या मशीनभोवती. एवढे हसरे चेहरे मी कुणाच्या बारशाला पाहिले नाहीत. "अरेरे, रमणा अडकला वाटतं!" वसुधाताई तर खुर्ची घेऊन आल्या, म्हणजे दुःख नीट बसून बघता यावं.

रमणा आला तो किंचाळलाच, "अय्यो! कोण म्हणतं मी अडकलोय?"

"घाबरू नको, आम्ही आहोत ना," वसुधाताई म्हणाल्या आणि त्याचा प्रोग्राम तपासायला लागल्या. आणि नवल बघा, पाऊण तासात त्यांना एक चूक सापडली, खरीखुरी!

मूर्तीसाहेब केबिनच्या दारातून बघत होते. डोळ्यांत पाणी. "याला म्हणतात टीमवर्क!"

दुसऱ्या दिवशी वसुधाताईंच्या रॉडवर लाल कडी. ती काही मी टाकली नव्हती, शपथ! मग काय, रोज कुणीतरी कुणाच्या तरी रॉडवर टाकतंय, आणि सगळे मिळून त्याच्या चुका काढताहेत. महिन्यात पाकीट रिकामं. काम मात्र इतकं साफ झालं की गिऱ्हाइकाचं कौतुकाचं पत्र आलं.

*

एकाच रॉडवर कुणी लाल टाकत नसे, तो सलीमभाईचा. त्याच्यावर मुळी जळण्यासारखं काही नव्हतंच. सगळ्या मिळून दोन हिरव्या! कारण हा माणूस आपल्या जागेवर असायचाच नाही. सकाळी रमणाशेजारी, दुपारी वसुधाताईंशेजारी. "सलीमभाई, जरा बघता का?" म्हटलं की "हौ, हौ" करत निघाला. चूक तो काढायचा, हिरवी कडी दुसऱ्याला!

मी त्याच्या जवळजवळ रिकाम्या रॉडवर फुलाफुलांचं कापड लावून ठेवलं. म्हटलं, रॉड पडद्याचा आहे, पडदा तरी लागू दे!

सगळे पोट धरून हसले. सलीमभाई जवळ आला, कापड चाचपलं, त्याला चष्मा पुसला आणि म्हणाला, "नरम है, मामू. रहने दो."

तेव्हापासून रोज त्यालाच चष्मा पुसायचा. माझाच बार फुसका!

*

मग बातमी आली. गिऱ्हाइकाकडे, थेट अमेरिकेला, एक माणूस पाठवायचा. वर्षभर. एकच!

रमणाचं तर डोकंच फिरलं. त्याचा साडू आधीच तिकडे गेलेला. सासुरवाडीत साडूचा बर्फातला फोटो भिंतीवर, आणि रमणा फोटोच्या खाली जेवायला बसणार. सासूबाई वाढता वाढता फोटोकडे बघून म्हणायच्या, "ते किती वाळलेत!" आणि भात वाढायचा राहून जायचा! रमणा मला म्हणाला, "मामा, या दसऱ्याला मी त्या घरात पाय ठेवणार नाही. एक तर माझा फोटो जाईल, नाहीतर कुणीच नाही!"

वसुधाताईंनी एक दिवस जाड स्वेटर आणून खुर्चीला अडकवला. मे महिन्यात! हैदराबादच्या!

साहेब म्हणाले, महिनाअखेरीला फळ्यावर ज्याच्या हिरव्या जास्त, तो जाणार.

चौथ्या दिवशी मी सुलतान बाजारात गेलो. कड्यांचा दुकानदार मला बघून हातच जोडायला लागला. "मामा, हिरव्या संपल्या! काल एक मिशीवाले येऊन दोन पाकिटं घेऊन गेले. सकाळी एक बाई आल्या, हातात स्वेटर. त्यांच्या मागून आणखी तिघं. तुमच्या कंपनीला खिडक्या आहेत तरी किती?"

*

महिनाअखेरीला साहेब मोजायला आले तर पाच रॉड गळ्यापर्यंत हिरवे! कंपनीनं जन्मात जेवढं काम केलं नसेल तेवढ्या कड्या. सहाव्यावर पडदा.

साहेबांनी मोजणं सोडून दिलं. मग म्हणाले, "आता चिठ्ठ्या. उद्या प्रत्येकानं एक नाव लिहायचं. स्वतःचं सोडून."

संध्याकाळी रमणा जनरेटरपाशी आला. तोंड उतरलेलं. "मामा, मी कुणाला देऊ? ज्याला देईन तोच निवडून आला तर?"

मी म्हटलं, "बाळा, ज्याला कुणीच देणार नाही, त्याला दे. तुझं मत फुकट गेलं म्हणजे निदान दुसरा कुणी वर चढत नाही."

रमणानं माझे पाय धरले. तो गेला आणि दहा मिनिटांनी वसुधाताई आल्या. मग बाकीचे तिघं, एकेक करून. मी सातवी नापास माणूस, पाच जणांना पाच वेगळे सल्ले कुठून देणार?

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्यांचा डबा मीच धरला होता. साहेब वाचायला लागले.

"सलीम."

रमणा गालात हसला.

"सलीम."

वसुधाताईंनी रमणाकडे पाहिलं, रमणानं वसुधाताईंकडे.

"सलीम. सलीम." साहेबांचा आवाज कापायला लागला. "सलीम!" शेवटची चिठ्ठी उर्दू वळणाच्या इंग्रजीत होती. "वसुधा."

बेगमपेठच्या विमानतळावर आम्ही सगळे पोचवायला गेलो. रमणानं हार घातला, वसुधाताईंनी खुर्चीवरचा स्वेटर आणून हातात दिला. सलीमभाईच्या चष्म्यावर धुकं. माझ्या गळ्यात पडून म्हणाला, "मामू, मेरेकू मालूमच नहीं था, ये लोगां मेरेकू इत्ता चाहते!"

मग सगळेच रडले. सगळ्यांत मोठ्यानं रमणा!