मेश्राम काका ओपीडीत यायचे का थांबले

मागच्या मंगळवारी दिवसभर फोनच लावत बसले होते. सरकारी दवाखान्यातल्या मनोविकार आणि व्यसनमुक्ती ओपीडीच्या नोंदणी खिडकीवर मी काम करते. रायपूरहून तपासणीची टीम येणार होती आणि आमचा 'उपचार सोडले' हा रकाना जरा जास्तच भरलेला होता...

आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, नुसता आकडा वर पाठवून काय उपयोग? प्रत्येकाला कारण विचारा.

मेश्राम काकांचा फोन काही लागेना. काका इथल्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवतात. दारू सोडायला तीन महिने नेमाने आले आणि मग एकदम गायब... परत सुरू झाली असणार, अशी माझी खात्रीच होती. तरी ड्यूटी संपल्यावर स्कूटी रुआबांध्यातल्या त्यांच्या घराकडे वळवली.

काका अंगणात मिरचीच्या रोपांना पाणी घालत होते. चेहरा स्वच्छ, हात स्थिर. काकूंनी आत बसवून चहा दिला, मी फॉर्म काढला. आमच्या घरीही हीच बोली, म्हणून कारण सरळच विचारलं, "काका, औषध कावून सोडलं?"

"सोडलं नाही ना. पद्मनाभपुरातल्या प्रायव्हेट डॉक्टरकडून घेऊन राहिलो."

"एक थेंब नाही घेतला यायनं," काकू काकांकडे हात करून म्हणाल्या.

"मग आमच्याकडे कावून येत नाही?"

काकूच बोलल्या, "तिथं ती खिडकीवाली पोरगी ओरडते ना... दारूवाले इधर, टेन्शनवाले उधर. यायचं नाव घेऊन ओरडली. मागं यायच्याच शिफ्टचे दोघं बसले होते. दुसऱ्या दिवशी प्लांटमधल्या साऱ्या शॉपमध्ये हसणं सुरू..."

"राहू दे ना वो," काका घाईने म्हणाले. "तिचं कामच आहे ते. एवढ्या गर्दीत तिले ओरडाच लागते."

ती खिडकीवाली मीच. तिथे मी मास्क लावून बसते... काकू कधी आल्या नव्हत्या, त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण काकांनी मला आवाजावरून दारातच ओळखलं असणार, हे त्यांच्या त्या घाईवरून आता कळलं.

कसंबसं म्हटलं, "काकू, ती मीच." मग काकूंनी कप माझ्याकडे सरकवला. "चहा घे. थंडा होऊन राहिला."

फॉर्मवर कारणं छापलेली होती. गाव सोडलं, पुन्हा व्यसन, बरं वाटलं, मृत्यू... मी 'इतर'पुढे लिहिलं, "खिडकीवर सगळ्यांसमोर नाव आणि आजार पुकारला."

तपासणीच्या दिवशी टीममधल्या मॅडमनी ते वाचून विचारलं, "ये किसने लिखा?" मी म्हटलं, "मैंने. और पुकारा भी मैंने ही था." मला वाटलं, आता मेमो. त्या मात्र उठल्या आणि म्हणाल्या, "चलो, खिड़की दिखाओ."

सोमवारपासून टोकन सुरू झालंय. सगळ्यांची रांग एकच, हाक फक्त नंबराची. 'उपचार सोडले' रकान्यातली जी माणसं फोनवर सापडतात, त्यांनाही मी हे सांगते.

काका अजून आलेले नाहीत, बहुतेक येणारही नाहीत. औषध सुरू आहे, तेवढं पुरे... ज्यांची अब्रू मी भर ओपीडीत घालवली, त्यांनी स्वतःच्या घरात, बायकोसमोर, माझी सांभाळली. काका, माफ करा... आणि थँक्यू.