ओपल किल्ला पाहते

फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील सरकारी उद्यानात ओपल आणि तिचा नवरा वेंडेल दर हिवाळ्यात आपली राहण्या-झोपण्याची सोय असलेली घरगाडी घेऊन येत. समोरचा विटांचा जुना किल्ला मात्र ओपलने एकदाही आतून पाहिला नव्हता. वेंडेल गाडीच्या बाजूला खांबांवर ताणलेल्या कापडी छताखाली दिवसभर टीव्ही पाहत बसे, तिच्याकडे बीअर मागे आणि गाडी कशी लावावी याचे धडे शेजाऱ्यांना देई. त्याची स्वतःची गाडी नेहमी तिरकीच उभी असे.

परतीच्या आदल्या दिवशी दुपारी ओपलने बूट चढवले.

"किल्ल्यावर येतोस का?"

"विटाच तर आहेत! घरी काय विटा नाहीत?"

"मग मी एकटी जाते. वारा सुटलाय, छत गुंडाळून ठेवू?"

"राहू दे गं! आता वारा तू मला शिकवणार?"

"छे रे बाबा, तुला कोण शिकवणार!"

ती तटावर पोहोचली, तेव्हा खाली छत फुगून उलटे झाले होते. वेंडेल त्याच्या खांबाला लोंबकळत तिच्या नावाने ओरडत होता आणि शेजारी खुर्च्या त्याच्याकडे वळवून निवांत बसले होते. वरून तो फारच किरकोळ दिसत होता. ओपलने त्याच्याकडे पाठ फिरवली, कारण तोफा अजून पाहायच्या होत्या.