खवल्यांवरच्या रेघा

दिनकर गेला हे मला दादरच्या मासळी बाजारात कळलं. सुरमईचा भाव विचारत होतो, तर जनाबाय कोळणीने पाटाखालून एक पिशवी काढली आणि म्हणाली, "तुमचा खवल्यांचा डाक्टर गेला ना वो, मंगलवारी. हार्ट अटॅक. ऑफिसातला शिपाई सांगून गेला... ही जिताड्याची खवलं त्याच्यासाठी ठेवलेली. आता तुमीच न्या." लहानपणापासूनच्या मित्राची बातमी अशी माशांच्या खवल्यांसोबत मिळाली. दोष माझाच. माझं ठाकूरद्वार ते त्याची लोअर परळची चाळ हे अंतर मी गेली दीड वर्षं आळसाने वाढवत नेलं होतं.

दिन्या परळच्या एका संशोधन संस्थेत होता. तिथे रीतसर शोकसभा झाली. संचालकांनी त्याला 'द्रष्टा' म्हटलं. मासळीचा वास येतो म्हणून त्याचा फ्रीज जिन्याखाली हलवणारे संचालक हेच. फोटोपेक्षा हार मोठा होता, त्यामुळे दिन्याचा एकच डोळा दिसत होता. वक्त्यांपैकी कुणालाही तो खवल्यांच्या मागे का लागला होता हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण मला बोलायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी बोललो नसतो.

आम्ही चाळीत समोरासमोर राहायचो. त्याचे वडील, आमचे सगळ्यांचे अप्पा, मालवणकडचे. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, विणकर. कापडावरून नुसतं अंगठ्याचं नख फिरवून धागा कुठे तुटलाय ते सांगायचे. संप लागला तेव्हा आम्ही दोघं अकरावीत होतो. गणपतीआधी खोलीला चुना मारायचा होता. "हात मोकळेच आसत, आपणच मारूया," अप्पा म्हणाले. बादलीत कळीचा चुना घातला. "पाणी हळू घाल रे झिला," अप्पा म्हणेपर्यंत दिन्याने अर्धी कळशी एकदम ओतली होती. चुना फसफसून उसळला, आणि अप्पा त्याच वेळी वाकून बादलीत बघत होते.

बाजूलाच पाण्याने भरलेलं पिंप होतं. त्याला कुणी हात लावला नाही. पाण्याने चुना उकळतो हे आम्ही नुकतंच बघितलं होतं. डोळ्यात पाणी गेलं तर आणखी उकळेल, असं सगळ्या मजल्याचं एकमत झालं. माझ्या आईने साजूक तूप काढलं आणि ती वाटी घेऊन मी धावलो. हॉस्पिटलात पोचेपर्यंत अप्पांच्या डोळ्यांत तूप होतं, पाणी नव्हतं. उजवा डोळा वाचला. डाव्यात कायमचं पांढरं फूल पडलं, तो गेला.

पुढे कॉलेजात दिन्याने कुठल्याशा पुस्तकात वाचलं, की अशा वेळी डोळ्यावर साध्या पाण्याची धार धरायची, भरपूर, ताबडतोब. गॅलरीत उभं राहून त्याने मला ते सांगितलं आणि म्हणाला, "तुझ्या आईला कळू देऊ नकोस हां. अप्पांना तर नाहीच." आई काही न कळता गेली. अप्पांची तक्रार नव्हती. "साचो खंय चालू आसा आता? रिकाम्या माणसाक एक डोळो पुरे," एवढंच म्हणायचे.

त्या डोळ्यावर दुसऱ्याचं बुबुळ बसवूनही उपयोग नव्हता. वरचा पडदा पुन्हा पुन्हा नवा करणाऱ्या पेशीच चुन्याने जाळल्या होत्या. बी गेलेल्या जमिनीत रोप लावण्यासारखं. दिन्याला तो पडदा बाहेर वाढवायचा होता. पेशी सपाट काचेवर सोडल्या तर वाट्टेल तशा पसरतात. बारीक खाचा मिळाल्या तर खाचेच्या कडेने सरळ रांगेत वाढतात. अशा खाचा यंत्राने कोरायच्या तर ते यंत्र संस्थेकडे नव्हतं. माशाच्या खवल्यावर त्या आयत्या असतात. खवलं धुऊन, त्यातला चुना काढून टाकला की ते काचेसारखं पारदर्शक होतं. त्यातही चुना असतो हे सांगताना दिन्या हसला होता... ते हसू मला आवडलं नव्हतं.

खाचा अखंड हव्यात. म्हणून खवल्यांची निवड अप्पा करायचे. गुरुवारी दिन्या पिशवी आणायचा, गॅलरीत वर्तमानपत्रावर खवलं वाळत पडायची आणि अप्पा नख फिरवत दोन ढीग करायचे. "ही चलात. ही फेक, हिची रेघ तुटली हा." गिरणीने नाकारलेला माणूस वीस वर्षं मुलाच्या प्रयोगाचा माल तपासत होता. आपल्याच डोळ्यासाठी तपासतोय, हे त्यांना ठाऊक होतं.

काचेच्या बशीत पेशी रांगेत उभ्या राहिल्या. पाहुणे आले की तो फोटो संस्था भिंतीवर लावायची. सशाच्या डोळ्यात मात्र खवलं काही दिवसांत धुरकट व्हायचं, दर वेळी. दिन्या पुन्हा जनाबायकडे जायचा. हे जमणार नाही हे त्याला माझ्याआधी कळलं असावं. पण तसं म्हटलं असतं तर गुरुवारी अप्पांना काय काम दिलं असतं?

त्या दिवशी बाजारातून जनाबायची पिशवी घेऊन मी थेट अप्पांकडे गेलो. दिन्याचे डोळे त्याने लिहून दिल्याप्रमाणे काढून नेले होते. अप्पांनी विचारलं, "त्याचो एक डोळो माका चललो नसतो?"

"नाही अप्पा. टिकला नसता."

"तेव्हा तूप घातला नसता तर?"

वाटी घेऊन धावलेला मीच, तेव्हा उत्तरही मीच द्यायला हवं होतं. "तुपाने काय होतंय," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, पिशवी ओढून घेतली आणि खवलं वर्तमानपत्रावर पसरली. वाळल्यावर एक उचलून नख फिरवलं. "ही चलात," ते म्हणाले. "तुका ऑफिसात न्हेवन देवक जमात?"

तेव्हापासून गुरुवारी मी जनाबायकडून पिशवी घेतो आणि आधीच्या आठवड्याचा निवडलेला ढीग अप्पांकडून घेऊन निघतो. संस्थेतला फ्रीज आता जिन्याखालीही नाही. चाळीच्या वळणावर पालिकेची कचरापेटी आहे. अप्पांचा उजवा डोळा गॅलरीतून तिथवर पोचत नाही, याची मी आधी खात्री करून घेतली होती.