चार रंगांचं पेन

आज ड्रॉवर आवरताना चार रंगांचं पेन हाती लागलं आणि बटण दाबताच ओळखीचा टक् असा आवाज आला. घशाच्या ऑपरेशनमध्ये तुमच्या आजोबांचा आवाज गेला, तेव्हा रोज लिहून बोलायला पेन हवं म्हणून आम्ही कर्जतच्या बाजारात गेलो होतो. दुकानातल्या बाईने टॉर्चवालं महागडं पेन पुढे केलं, पण आजोबांनी हे स्वस्तातलं उचललं. नव्या पेनाने आधी ‘श्री’ लिहिलं, मग हिरवं बटण दाबून, माझ्याकडे बोट दाखवत लिहिलं, ‘आता हिचंच ऐकायचं.’ बाई हसली, “आजोबा, तुमी तर आमच्यापरीस जास्त बोलता!” घरी त्यांनी रंग वाटून टाकले: निळा रोजच्या बोलण्याला, काळा औषधांना, लाल रागाला, हिरवा थट्टेला. शेवटच्या आठवड्यात त्यांनी लिहिलं, ‘फार दुखतंय.’ अक्षरं हिरवी होती. मी घाबरून विचारलं, “थट्टा करताय ना?” त्यांनी हसून मान डोलावली. त्यानंतर ते सगळं हिरव्यानेच लिहीत राहिले. आज मी कोऱ्या कागदावर चारही बटणं दाबून रेघा ओढल्या. निळी, काळी, लाल उमटली. हिरवी उमटली नाही.