ज्योतीरामभाऊंची झोप

ज्योतीरामभाऊ निवृत्त झाले तेव्हा आमच्या रहाटणीच्या बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्यांनी त्यांना एकच सल्ला दिला, आता निवांत झोपा. या माणसाचं आणि झोपेचं काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी.

परांड्याकडचा हा माणूस तरुणपणी चाकणच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर लागला आणि मिशा पांढऱ्या होईपर्यंत कंपनीच्या बसनं गेला-आला. मोटारसायकल घ्या म्हणून मुलानं किती टुमणं लावलं, पण भाऊ बधले नाहीत. हँडल धरून कुणाला झोप लागते का, म्हणायचे. आम्ही हसायचो, पण ते खरंच बोलत होते. शिफ्ट आठवड्याला बदलायची. घरी अंथरुणावर पडलं की मन टक्क जागं. आपल्यापायी घराला त्रास नको म्हणून ते डोळे मिटून पडून राहायचे, आणि बायकोला वाटायचं, दमून झोपलेत. बसमध्ये मात्र खिडकीला डोकं टेकलं की नाशिक फाट्याच्या आत माणूस गार.

शेजारच्या सीटवर काळेवाडीचे मन्सूर असायचे. दोघांची रीत ठरलेली होती. जाताना ज्योतीरामनं झोपायचं आणि मन्सूरनं जागं राहायचं, येताना उलट. ही रीत पडली तीही एका फजितीतून. नवी नोकरी असताना दोघंही मागच्या बाकावर एकदम झोपले. ड्रायव्हरनं बस रिकामी समजून पार्किंगला नेऊन लावली, आणि हे दोघं अर्धी शिफ्ट सरेपर्यंत बंद बसमध्ये घोरत होते. सुपरवायझरनं बिनपाण्यानं केली.

पुढे कधी त्या बसमधल्या झोपेबद्दल भाऊ बोलायला लागले की ऐकत राहावंसं वाटे. ती पुरती झोप नव्हतीच. भोसरी मागे पडल्याचं वळणावरून कळायचं. इंद्रायणीचा पूल आला की चाकांचा आवाज पोकळ व्हायचा. मागे कुणीतरी हळू आवाजात पोरीच्या लग्नाचं बोलत असायचं, आणि त्या बोलण्यातली नवरी थेट स्वप्नात येऊन कारखान्याच्या पत्र्यावर चिंचा वाळत घालत बसायची. धुराड्यांचा धूर गावाकडच्या ढगांत जाऊन मिसळायचा, शेतातल्या विहिरीवरून बस अलगद तरंगत जायची, आणि भाऊंना त्यात काहीच वावगं वाटायचं नाही. मग मन्सूर गुडघ्यावर थाप मारायचे. गेट आलेलं असायचं.

निवृत्तीनंतर ही झोप गेली ती गेलीच. गोळ्या झाल्या, जायफळाचं दूध झालं, तळपायाला तेल झालं. डोळे खोल गेले, जेवण कमी झालं, एकदा जिन्यात तोल जाऊन पडता पडता वाचले. झोपेला चालती गाडीच लागत असेल म्हणून मुलानं, ज्ञानेशनं, त्यांना आपल्या गाडीतून चाकणपर्यंत फिरवून आणलं. भाऊ पुढच्या सीटवर ताठ बसले आणि सबंध रस्ताभर ज्ञानेशच्या आधी ब्रेक दाबत राहिले. मला त्यांची खरीच काळजी वाटायला लागली होती.

मन्सूर तोवर सोलापूरला लेकीकडे राहायला गेले होते. त्यांचा फोन आला तेव्हा भाऊंनी झोपेचं गाऱ्हाणं गायलं. फोन स्पीकरवर होता आणि भाऊंच्या बायको, जाईबाई, तिथंच मेथी निवडत बसल्या होत्या.

मन्सूर म्हणाले, "बसमुळं कुठं यायची झोप तुला, भावा? मी जागा असायचो म्हणून यायची."

जाईबाईंना ते चांगलंच झोंबलं. उभा जन्म शेजारी काढला ती मी कोण, असं त्या आमच्या स्वयंपाकघरात येऊन बोलून गेल्या. माझ्या बायकोनं चहा पुढे केला तर तोही घेतला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ठेवणीतली साडी नेसली, भाऊंना चपला घालायला लावल्या, आणि रिक्षानं भोसरी गाठून चाकणची पीएमटी धरली. डावीकडची बाकं बायकांची, तिथून भाऊंना कुणी उठवेल, म्हणून दोघं उजवीकडे बसले. भाऊंना खिडकीशी बसवून बाईंनी बजावलं की मी जागी आहे, तुम्ही खुशाल झोपा.

पुढचं सगळं मला जाईबाईंनीच सांगितलं. मोशी यायच्या आत भाऊंची मान कलली, ती त्यांच्या खांद्यावर. बाई अवघडून गेल्या. चारचौघांत असं त्या कधी बसल्या नव्हत्या. पण मग ऊन पिवळं झालं, ट्रकांच्या रांगेत बस गोगलगायीसारखी सरकू लागली, आणि जन्मभर ज्या रस्त्यानं आपला डबा गेला तो रस्ता त्या पहिल्यांदाच डोळे भरून बघत राहिल्या. चाकण आलं. कंडक्टरनं उतरा म्हटलं तर बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि परतीची तिकिटं मागितली. बस वळली तरी भाऊ झोपलेलेच होते.

परत येताना नदीच्या पुलावर त्यांना जाग आली. ते ओशाळले. म्हणाले, येताना तुझी पाळी, आता तू झोप, मी जागा राहतो.

जाईबाई म्हणाल्या, "तुम्ही घरी डोळे मिटून पडायचात, ते माझी झोप मोडू नये म्हणून ना?"

भाऊंनी मान डोलावली.

"मीबी जागीच असायची. तुमची मोडू नये म्हणून हालत नव्हते."

अंधारात एका हाताच्या अंतरावर दोन माणसं गुमान पडून आहेत, दोघंही जागी, आणि अशी कितीतरी वर्षं गेली, हे भाऊंना तेव्हा कळलं. भोसरी आली, गाडी रिकामी झाली. भाऊ उठले नाहीत. त्यांनी कंडक्टरकडे पुन्हा चाकणची दोन तिकिटं मागितली आणि बायकोकडे वळून विचारलं, "मग तू काय विचार करत असायचीस?"